समोरच्या डोंगरावरची साठफुटी

सुनील मला लिफ्टच्या दारात भेटला तेव्हा माझ्या हातात मिठाचं थाळं होतं. थाळं मोठं, ॲल्युमिनियमचं, ईदला आमच्याकडे मजबूसचा मटणभात वाढायला काढतात ते. वर हमीदाची, म्हणजे माझ्या बायकोची, जुनी ओढणी झाकलेली. मी सलमानियाला इस्पितळात निघालो होतो, सुनीलच्या बापाला ते थाळं दाखवायला. खाली टॅक्सी उभी होती. सुनील तळमजल्यावर समोर उभा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बापाच्या चपला आणि चष्म्याचं घर. "कुठे निघालात काका?" "तुझ्या बापाकडे." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "काका... बाबा सकाळी सहाला गेले." लिफ्टचं दार मिटायला लागलं, मी पाय घातला, ते परत उघडलं, परत मिटायला लागलं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मीठ सांडेल, एका बाजूने धर जरा." त्या पोराने पिशवी खांद्याला अडकवली आणि थाळं धरलं. दोघांनी मिळून ते परत वर आणलं. आज त्याला सात आठवडे झाले.

जाधव माझा चाळीस वर्षांचा दोस्त. सनाबिसला एकाच इमारतीत आम्ही, तो दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे, मी पाचव्यावर माझ्या मुलाकडे. तो खेडचा, बौद्धवाडीतला, मी दापोलीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान. गावाकडे आमच्या दोन गावांत एक घाट आणि एक खाडी, तिथे कधी भेटलो नाही, भेटलो इथे बहारीनमध्ये, एका कंपनीच्या कँपात. तो ग्रेडर चालवायचा, पात्याने जमीन सपाट करायचं मशीन. मी परांचीवाला, इमारतीभोवती पाइपांचा सांगाडा बांधणारा, पुढे परांचीवाल्यांचा मुकादम झालो, आणि तो मरेपर्यंत मला मुकादमच म्हणत राहिला. मी चौथी शिकलेला. मुलगा म्हणाला, अब्बा, तुम्ही बोला, मी लिहून देतो. मी नको म्हटलं. जाधवचं मीच लिहिणार. का ते पुढे येईल.

सीफमध्ये आज जिथे मॉल आहेत तिथे आम्ही आलो तेव्हा पुष्कळ ठिकाणी समुद्र होता. समुद्रातलीच वाळू उपसून भराव घालायचे, आणि त्या भरावावर जाधवचा ग्रेडर फिरायचा. पाण्याची लेव्हल घेऊन इंजिनियर मागून यायचा, पण जाधवला लेव्हल लागायची नाही. तो म्हणायचा, "बुडाला कळतं रे, मुकादम. सीटवर बसलं की जमीन सांगते कुठे फुगली, कुठे बसली." इंजिनियर मोजायचा आणि आकडा बरोबर यायचा. मी मात्र आयुष्यभर वर बघितलं. माझं काम उभं. एक थर, दोन थर, बारा थर. इमारत किती मोठी असं कोणी विचारलं तर मी थर सांगतो. हा फरक आमच्या दोघांत होता, आणि पुढचं सगळं भांडण त्यातूनच आलं.

जाधवला एक मुलगा, हा सुनील, सीफच्या एका ऑफिसात कामाला, आणि एक मुलगी, मित्रा. मित्रा इथेच वाढली, इंग्रजी शाळेत शिकली. मराठी सगळी समजते, पण उत्तर अर्धं इंग्रजीत. ती लहान असताना जाधव सुट्टीच्या दिवशी तिला ग्रेडरच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसायचा, मशीन बंद, आणि तिचा हात धरून पात्याची दांडी कशी हलवायची ते दाखवायचा. आईविना वाढवली त्याने ती दोन पोरं. मित्राला त्याने कॅनडाला पाठवलं, हिशेबाचं शिक्षण घ्यायला. ते तिने घेतलं, ऑफिसात नोकरी लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून ती तिथल्या एका बर्फाच्या डोंगरावर मशीन चालवायला लागली. तिथे लोक पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतात. डोंगराचा एक भाग उड्या मारणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो, त्याला ते पार्क म्हणतात. बर्फाचे चढाव रचायचे, त्यावरून पोरं हवेत उडतात, पलीकडे उतरतात. ते चढाव रचायचं मशीन मित्रा चालवते. पुढे पातं, अगदी ग्रेडरसारखं.

ही बातमी जाधवने त्याच्या घरी चार माणसं बसली असताना सांगितली. चहा चालू होता. मी बोललो, "एवढं शिकवून काय केलंस जाधव? शेवटी बापाचंच पातं दिलंस पोरीच्या हातात. पोरीच्या जातीला शोभतं का ते?" कोणीतरी हसलं. जाधव उठून आत गेला आणि बिस्किटांची बशी घेऊन आला. ती माझ्यापुढे ठेवली नाही, बाकी तिघांच्या पुढे ठेवली. ज्या माणसाचा बाप दुसऱ्यांच्या बांधावर राबला, ज्याने पोरांच्या वह्यांना स्वतः कव्हरं घातली, त्याला मी हे बोललो होतो. मला ते तेव्हाच कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची मला सवय नाही. माझ्या बापालाही नव्हती.

दोन शुक्रवार जाधव वर आला नाही. तिसऱ्या शुक्रवारी आला, दहा वाजता, हातात सुनीलच्या ऑफिसातून छापून आणलेले कागद. मित्राच्या डोंगराचा नकाशा, पार्कचे फोटो, किती चढाव, कोणता किती फुटांचा, सगळं. माझ्यासमोर टेबलावर पसरले आणि म्हणाला, "हे माझ्या पोरीचं काम. आता बोल."

मी कागद उलटेपालटे केले. एका कोपऱ्यात, दरीच्या पलीकडे, दुसऱ्या डोंगराचं नाव होतं. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "समोरचं. त्यांची दुकानदारी वेगळी, ह्यांची वेगळी. एकमेकांची गिऱ्हाइकं ओढतात." मी म्हटलं, "मग त्याचे कागद आण. दोन्ही बघितल्याशिवाय मी बोलत नाही." झालं. पुढच्या शुक्रवारी समोरच्या डोंगराचे कागद आले. मित्राच्या डोंगरावर सगळ्यात मोठा चढाव पन्नास फुटांचा. समोरच्यावर साठ. मी बोट ठेवलं. "हा बघ. दहा फुटांनी मोठा. माझा डोंगर हा." तेव्हापासून तिचा डोंगर जाधवचा आणि समोरचा माझा. आम्ही दोघांनी जन्मात बर्फ पाहिलं ते फक्त फ्रीजमधलं.

पाच हिवाळे हे चाललं. शुक्रवारी दहाला तो वर यायचा, हमीदा चहा द्यायची, अकराला मित्राचा फोन यायचा. तिकडे मध्यरात्र, तिची पाळी संपलेली. ती मशीनपाशी उभी राहून बापाला त्या दिवशीचं काम दाखवायची. मग मी जुम्म्याच्या नमाजला जायचो. तेवढ्या वेळात आमची लढाई. पार्कमध्ये लोखंडी पाइप लावलेले असतात, पोरं त्यावरून घसरतात. पाइपाचं मला कळतं. मी म्हणायचो, "तुझ्याकडे सोळा पाइप, माझ्याकडे बावीस. आणि तुझ्याकडच्या ह्या पाइपाचं वेल्डिंग बघ, बाहेरून. कपडा अडकेल." जाधव तेवढं मात्र वहीत लिहून घ्यायचा आणि पोरीला कळवायचा. एकदा तिने खरंच ते वेल्डिंग घासून घेतलं. मी हमीदाला तीनदा सांगितलं.

पण मुख्य भांडण साठफुटीचं. मी धरून बसलो होतो की साठ फूट म्हणजे उंची. परांचीचे नऊ थर. "नऊ थरांवरून पोरं उडतात माझ्या डोंगरावर!" जाधव कपाळाला हात लावायचा. "मेल्या, उंची नव्हे ती. चढावाच्या कडेपासून पलीकडच्या उतरणीपर्यंत हवेतून किती लांब जायचं, ते साठ. मित्राने सांगितलंय मला." मी म्हणायचो, "मित्रा तुझ्या डोंगराची. ती माझ्या डोंगराचं कमीच सांगणार." मला खोटं पाडणं त्याला जमत नव्हतं असं नाही. मी पडत नव्हतो.

मग त्याने थाळं मागितलं. हमीदाकडून बारीक मीठ घेतलं, थोडं पाणी शिंपडलं, आणि चमच्याच्या पाठीने थाळ्यात चढाव रचला. ग्रेडरवर चाळीस वर्षं बसलेला माणूस, त्याचा चमचा असा चालत होता की हमीदा स्वयंपाकघरातून बघायला आली. दहा फुटांना एक बोट असं माप. त्याने पाच बोटं लांबीची जागा सोडली आणि पलीकडे अलगद उतरण काढली. मी माझ्या अर्ध्या भागात साठफुटी केली. सहा बोटं उंच, भिंतीसारखी, आणि पलीकडे सपाट. खिशातून त्याने एक लोखंडी गोळी काढली, जुन्या ग्रेडरच्या बेअरिंगमधली. थाळ्याला टेकवलेल्या कागदाच्या पन्हळीतून ती सोडली. त्याच्या चढावावरून ती उडाली, उतरणीवर टेकली, आणि घरंगळत थाळ्याच्या काठाला लागली. टण्ण. मिठावर नुसता एक ओरखडा. मग माझ्या साठफुटीवरून सोडली. उंच उडाली, मला वाटलं जिंकलो... आणि सपाटीवर पडली. मिठात खड्डा.

"मेला तुझा माणूस, मुकादम."

"मीठ ओलं आहे."

"माझ्याकडे काय कोरडं आहे? तेच मीठ आहे." मग हळूच म्हणाला, "किती उंच गेला ते सोड. पडतो तिथे जमीन त्याच्याबरोबर खाली जायला पाहिजे. उतरण कर, मग तुझी साठफुटी मी मान्य करतो." मी नाही केली. थाळं गोळीसकट कपाटावर गेलं. इथल्या दमट हवेत मीठ धरून बसलं, दगडासारखं. हमीदाला सांगून ठेवलं, हात लावायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात जाधव बदलला. भांडायचा बंद झाला. समोरच्या डोंगराचे नवे फोटो तो स्वतःच आणायचा, चहाच्या कपाजवळ फोन पालथा ठेवायचा, डोळे मिटून मागे टेकायचा आणि म्हणायचा, "सांग, तुझ्या साठफुटीत काय चांगलं आहे." मला वाटलं, हरला. मी तासभर सांगायचो. त्या वर्षी ती साठफुटी खरोखर वेगळीच रचली होती. कड ओळंब्यात, कुठे फुगवटा नाही. पाठ अशी की वरून पाणी ओतलं तर दोन्ही अंगाला सारखं वाहील. मी म्हणालो, "करणारा कोण आहे देव जाणे, पण पक्का कारागीर आहे. असा गडी माझ्या हाताखाली असता तर मी त्याला मुकादम करून घरी बसलो असतो. जाधव, तुझ्या पोरीला सांग, सहा महिने ह्याच्याकडे शिक." जाधव डोळे न उघडता म्हणाला, "सांगतो." त्या दिवसांत मित्राच्या फोनमध्ये मागे दिसणारं मशीनही बदललं होतं, आधी तांबडं होतं, आता निळं. मी विचारलं तर म्हणाला, "नवीन घेतलं असेल."

मग त्याची किडनी गेली. नऊ दिवस इस्पितळात होता. आठव्या दिवशी मी गेलो तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज बारीक, पण पहिला प्रश्न हाच. "थाळं ठेवलंस ना?"

"कपाटावर आहे."

"उतरण केलीस?"

"नाही. साठफुटी आहे तशी राहील."

तो हसला, हसताना ठसका लागला, नर्सने माझ्याकडे रागाने बघितलं. मग त्याने फोन चादरीवर पालथा ठेवला आणि म्हणाला, "सांग. काय चांगलं आहे तिच्यात?" मी सांगितलं. सगळं, परत पहिल्यापासून. वेळ संपली, उठलो. तो म्हणाला, "आता बोल, मुकादम." पाच वर्षं तो हे म्हणत होता आणि मी दर वेळी आकडा फेकत होतो. त्या दिवशी माझ्याकडे आकडा नव्हता. मी म्हटलं, "उद्या येतो."

घरी आलो, थाळं खाली काढलं. सपाटी सुरीने खरवडली, पाणी शिंपडलं, उंच भिंत पाडली, सहा बोटं लांब जागा सोडली आणि पलीकडे उतरण काढायला घेतली. जमेना. ज्याने आयुष्यभर उभंच बांधलं त्याच्या हाताला उतार कसा येणार? जाधवचा चमचा कसा फिरत होता ते आठवून आठवून फिरवला. अस्रच्या नमाजपासून तिन्हीसांजेच्या मगरिबपर्यंत बसलो. शेवटी गोळी सोडली. टण्ण. ओरखडा. परत सोडली. ओरखडा. मी हमीदाला म्हटलं, उद्या हे जाधवला दाखवतो आणि बोलून टाकतो. पुढे काय झालं ते पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

त्याचे अंत्यसंस्कार इथेच झाले. मित्रा दुसऱ्या दिवशी पोचली. पुण्यानुमोदनाच्या विधीला खाली हॉलमध्ये माणसं मावत नव्हती, ग्रेडरवाले, परांचीवाले, ऑफिसवाले, दोन म्हातारे बहारीनी फोरमनसुद्धा. मी मागे उभा राहिलो. बोलायला सांगितलं, मी नको म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी मित्रा वर आली. हमीदाने तिला पोटाशी घेतलं. चहा झाला. तिची नजर कपाटावर गेली. "काका, तो ट्रे का? बाबांचा?"

मी खाली काढून दिला. ओढणी बाजूला केली. ती वाकून बघत राहिली, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. मग माझ्या बाजूच्या उतरणीवरून बोट फिरवलं. "धिस लँडिंग... ही बाबांनी केली."

"नाही. ती मी केली. त्याला दाखवायला घेऊन चाललो होतो."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "काका, आता सांगते. गेल्या सीझनला मी त्या डोंगरावर नव्हते. समोरच्यांनी मला बोलावलं, हेड बिल्डर म्हणून. तुमची सिक्स्टी फूटर मीच केली."

"म्हणजे ते निळं मशीन त्यांचं," मी म्हटलं.

"बाबा म्हणाले, मुकादमाला सांगायचं नाही. मी म्हटलं, बाबा, दॅट्स मीन. तर म्हणाले, तू नुसती ऐक. दर फ्रायडेला फोन चालू ठेवायचे, टेबलावर. मी पूर्ण ऐकायचे. हॉस्पिटलमधलं पण." तिने डोळे पुसले आणि हसली. "कोणाकडे सिक्स मंथ्स शिकू, काका?"

मला राग यायला हवा होता. चाळीस वर्षांच्या दोस्ताने आख्खा हिवाळा मला बनवलं. पण मला तो दिसत होता... डोळे मिटून, मागे टेकून, पोरीचं कौतुक माझ्या तोंडून काढून घेणारा. पैपै वसूल केलं म्हाताऱ्याने. मित्रा म्हणाली, "सो, काका, तुम्ही ऑलरेडी बोललात. बाबांनी ऐकलं. खलास."

मी म्हटलं, "खलास नाही. ते धरायचं नाही. करणारा कोण ते माहीत नसताना बोललो ते."

ती म्हणाली, "बाबा म्हणाले होते, मुकादम असंच म्हणेल."

मग मी तिला बसवलं आणि सांगितलं. तुझ्या बापाच्या घरी, चार माणसांत, तुझ्याबद्दल मी जे बोललो ते चूक होतं. बापाचं पातं पोरीच्या हातात शोभतं. मी बघितलंय. ती एवढंच म्हणाली, "ओके काका." आणि हमीदाकडे चमचा आणि वाटीभर पाणी मागितलं. माझ्या चढावाची कड थोडी जास्त उभी राहिली होती, ती तिने दोन फटक्यांत मऊ केली. चमच्याची पाठ, मनगट ढिलं, अगदी तसंच. मी हमीदाकडे बघितलं, हमीदाने माझ्याकडे.

चार माणसांत बोललेला शब्द चार माणसांतच परत घ्यायला हवा. त्यातला एक गेला, दोघं गावी परत गेले, एकाचा पत्ता नाही. म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं, कारण तोंड माझं होतं.

मित्रा परत गेली. तिकडे आता बर्फ वितळलंय, हिवाळा येईपर्यंत उड्या बंद. फोन मात्र शुक्रवारी अकराला येतो, माझ्या फोनवर, आणि मी तो उताणा ठेवतो. थाळं कपाटावर आहे. मीठ परत धरलंय. हमीदाने स्वयंपाकाला दुसरं मीठ आणलं, ह्याबद्दल ती काही बोलत नाही. जुम्म्याला निघायच्या आधी मी ते खाली काढतो, ओढणी सारतो, खिशातली गोळी कागदाच्या पन्हळीतून सोडतो. ती उडते, उतरणीवर टेकते, काठाला लागते. खड्डा पडत नाही.

आता बोल, जाधव.